होडीत सासरा नसतो

मला होडी चालवता येते. ही गोष्ट मी कुठंही, कुणालाही सांगायला तयार असते. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, दवाखान्याच्या रांगेत. माझी धाकटी जाऊ म्हणते, "आक्का, बास करा आता, लोकं हसून राहिलेत." हसू देत की! माझं माहेर लातूरकडचं. आमच्या गावात टँकर आला की घागरी घेऊन पळायचं, एवढाच पाण्याचा आणि माझा संबंध. पोहणं तर सोडाच, विहिरीत वाकून बघितलं तरी मला गरगरायचं. अशा बाईनं चाळिशी गाठल्यावर पुराच्या पाण्यात वल्हं मारलं, तर तिनं सांगू नये का? मी तर सांगणारच.

सासर माझं नांदेड आणि धर्माबादच्या मधलं, गंगेच्या काठचं. गंगा म्हणजे गोदावरी, पण आमच्याकडं गोदावरी फक्त शाळेच्या पुस्तकात असते. वर विष्णुपुरीला धरणाचे दरवाजे उघडले की गंगा फुगते आणि आमच्या गावाशेजारच्या ओढ्यात उलटी शिरते. ओढ्याच्या अलीकडं गाव, पलीकडं आमचं रान आणि रानात आखाडा. आखाडा म्हणजे शेतातलं घर, एक खोली, गोठा आणि पुढं लिंबाचं झाड. माझे सासरे, ज्यांना आम्ही दोघी जावा मामा म्हणतो, ते बारा महिने तिथंच. जेवायला तेवढे गावात यायचे. म्हशींशिवाय त्यांना झोप लागत नाही असं सासूबाई म्हणायच्या, आणि म्हणताना तोंड वाकडं करायच्या.

मागच्या एका पुरानंतर तहसीलातून गावाला एक रबरी होडी मिळाली. हवा भरायची, नारिंगी रंगाची, चार वल्ह्यांची. पंचायतीनं ती शाळेच्या खोलीत नेऊन ठेवली आणि चालवायला शिकायचं म्हणून गावातल्या तरण्या पोरांची नावं कळवली. तहसीलातल्या साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "पूर दिवसा आला तर?" दिवसा गावात बापे कुठं असतात? कुणी नांदेडला दुकानात, कुणी धर्माबादच्या अडतीवर, कुणी कॉलेजात. दिवसा गावात असतो आम्ही बाया आणि म्हातारे. मग बचत गटातल्या बायांना विचारणा झाली आणि माझा हात आपोआप वर गेला. का गेला, देव जाणे! धाकटीचा मी धरून वर केला.

शिकवणी विष्णुपुरीच्या जलाशयावर होती. शिकवायला नांदेडचे एक उस्ताद, बचाव पथकात उमर गेलेले. माणूस गोरागोमटा, पांढरी दाढी, आणि आवाज असा की पलीकडच्या काठावरचे बगळे उडायचे. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला पाण्याला हात लावू दिला नाही. दिवसभर जमिनीवर जाकीट घालायचं आणि काढायचं. साडीवरून ते चढेना. उस्ताद म्हणाले, "ताई, साडी नक्को. पाण्यात पायाला गुंडाळती, मग मी तुमाला काढू का साडीला?" दुसऱ्या दिवशी आम्ही पंजाबी ड्रेस घालून गेलो, ओढणी कमरेला करकचून. जाकिटाला मांडीखालून घ्यायचे दोन पट्टे असतात. बाया लाजून ते तसेच लोंबते सोडायच्या. उस्तादांनी एकीचं जाकीट खांद्याला धरून वर उचललं, तर ते सुळकन डोक्यातून निघून आलं आणि बाई खाली राहिली. त्यानंतर कुणी पट्टा सोडला नाही.

आणि मग पाणी! अगं माय, काय सांगू! पहिल्यांदा होडीत पाय ठेवला तर खालचं सगळं हललं. मी "बया, बया" करत धाकटीच्या गळ्यात पडले. उस्ताद ओरडले, "मधी पाय! काठावर नक्को! आन् बसा!" बसा हा शब्द त्यांनी आम्हाला किती वेळा ऐकवला असेल त्याची गिनती नाही. होडीत शिरताना मधोमध पाय द्यायचा, लगेच खाली बसायचं, वजन बुडाशी ठेवायचं. एकमेकींकडं वाकायचं नाही. दोरी हाताला गुंडाळायची नाही, कारण होडी ओढली गेली तर हातही तिच्यासोबत जातो. मला हे सगळं स्वयंपाकासारखं पटकन कळलं. नाही कळलं ते उठायचं नाही हे.

धारेतून जायचं कसं, ते शिकताना तर मला भुकेचं भान राहायचं नाही. होडीचं तोंड धारेकडं करायचं, जरासं तिरपं, आणि जिथं पोचायचं त्याच्या बरंच वरच्या अंगाला नेम धरून वल्हं मारायचं. मग धारच आपल्याला खाली खाली आणून बरोबर जागेवर सोडते. पहिल्यांदा ते जमलं तेव्हा मी इतकी ओरडले की उस्तादांना वाटलं कुणी पडलं. पडलं तर काय करायचं तेही त्यांनी आम्हाला मुद्दाम पाण्यात ढकलून शिकवलं. उताणं व्हायचं, पाय पुढं आणि वर, उभं राहायची घाई करायची नाही, कारण बुडालेल्या रानात तारेची कुंपणं असतात, मोटारीचे पाईप असतात, पाय अडकला की संपलं. झाडाची फांदी दिसली तरी होडीतून धरायची नाही. माणूस फांदीला लटकतो आणि होडी खालून निघून जाते. नाका-तोंडात पाणी गेलेलं असताना मी हसत होते. एवढी मी लग्नातसुद्धा हसले नव्हते.

शेवटच्या दिवशी घोटाळा झाला. मामा नांदेडला डोळे दाखवायला आले होते. सुना काय दिवे लावून राहिल्यात बघावं म्हणून ते तिथून रिक्षा करून विष्णुपुरीला आले. पांढरं धोतर, टोपी, हातात छत्री. आम्ही काठाजवळ होडीत वल्ही घेऊन बसलो होतो, आणि काठावर मामा.

आता हे बाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही. आमच्या घरात सासरा समोर आला की सून उठते. बसल्या जागेवरून, हातातलं काम टाकून, पदर डोक्यावर घेत. ताटावरनंसुद्धा उठते. कुणी सांगत नाही, कुणी मोजत नाही, अंग आपोआप उठतं. तर आम्ही दोघी जावा उठलो! एकाच वेळी, एकाच बाजूला, कमरेची ओढणी सोडून डोक्यावर घ्यायच्या घाईत. होडी कलंडली, आणि पाठीमागं बसलेल्या बायांसकट आम्ही सगळ्या धपाधप पाण्यात.

वर आलो तेव्हा उस्तादांचं तोंड लाल झालं होतं. "कामून उठल्या? साप आला का?"

धाकटी म्हणाली, "सासरे आले."

उस्तादांनी कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला! उद्या पुरात सासरा आला तर सगळ्यांना घेऊन बुडणार का? ऐका ताई, होडीत सासरा नसतो. होडीत सून नसती. होडीत नुसतं वजन असतं. वजन खाली ठेवायचं, बास!"

मामा काठावर उभे होते. त्यांनी हे ऐकलं. छत्री बगलेत मारली आणि तसेच परत फिरले. संध्याकाळी जेवायला बसताना मात्र भिंतीकडं बघून म्हणाले, "आपल्याला त्या फुग्यात बसायचं न्हाई. आन् सुनांच्या हातानं तर मुळीच न्हाई. म्हणे वजन!" त्यांना वजन हा शब्द फार लागला होता. आम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, ओठ दाबून. हसूही येत होतं आणि धाकटीच्या डोळ्यांत पाणीही होतं.

त्याच वर्षी, मूग निघाला होता आणि सोयाबीन शेंगांनी भरलं होतं, तेव्हा वरच्या भागात पावसानं नुसता धुमाकूळ घातला. सकाळी दवंडीसारखे मोबाईलवर निरोप येऊ लागले, विष्णुपुरीचे दरवाजे उघडलेत, दुपारी आणखी उघडणार. माझे मालक नांदेडच्या दुकानात, दीर मूग घेऊन धर्माबादला. रस्त्यावरच्या पुलावर पाणी आल्यानं दोघंही अडकलेले. मी ओढ्याकडं गेले तर ओढा नव्हताच, नुसतं मातकट पाणी, आखाड्यापर्यंत पसरलेलं.

मामांना फोन लावला. त्यांनी म्हशींची दावी सोडली होती आणि लिंबाजवळच्या उंचवट्यावर उभे होते. "काय न्हाई व्हत," म्हणाले. "असले पूर लई पाहिले."

मी विचारलं, "मामा, पाणी कुठवर आलंय?"

मग हळूच म्हणाले, "गोठ्यात शिरलंय." मामांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. दुपारी आणखी दरवाजे उघडले की तो उंचवटा राहणार नव्हता, आणि मामांना पोहता येत असलं तरी गुडघे कधीच गेले होते.

बचाव पथकाच्या होड्या दुसऱ्या गावात गुंतलेल्या. संध्याकाळपर्यंत येऊ म्हणाले. मालकांचा फोन आला, "तू जाऊ नको, मी कसंबी करून येतो." कसं येणार, उडत? मी उस्तादांना फोन लावला. मला वाटलं ते म्हणतील जा, शाबास! तर ते म्हणाले, "नक्को! आधी पाण्याकडं बघा. फेस हाय का? लाकडं वाहून येऊन राहिलीत का? कुठून कुठं?"

मी काठावर उभी राहून बघत राहिले. मन तिकडं पळत होतं आणि डोळे इथं ठेवायचे होते. सगळ्यात अवघड काम तेच होतं. ओढ्यातलं पाणी जवळजवळ उभं होतं, कडब्याची एक पेंढी जागच्या जागी हळूहळू फिरत होती. गंगेच्या तोंडाशी मात्र लांबवर धार दिसत होती. मी सगळं सांगितलं. उस्ताद म्हणाले, "मग लाईन बंद करून घ्या. तारा पाण्याला टेकल्या असतील. वरच्या अंगानं जा, गंगेपासून लांब. काठावर दोरी धरून माणसं उभी करा. अन् ताई, मधी गेल्यावर धार लागली तर परत फिरा. सासरा असू द्या नाहीतर कुणी."

वायरमनला फोन केला. लाईन बंद केल्याचं त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. शाळेतून होडी काढली, हवा भरली, पट्टे मांडीखालून घेऊन आवळले. मामांसाठी एक जाकीट घेतलं. सासूबाई काठावर आल्या, ओटी घेऊन. गंगेची ओटी भरायची म्हणाल्या, होडी थांबवा, तुम्ही उभ्या राहून भरा. मी म्हणाले, "आत्या, तुम्ही काठावरून भरा. आम्ही बसलेल्याच बऱ्या." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, पण नारळ काठावरूनच सोडला.

आणि निघालो! मी पुढं, धाकटी मागं. काय सांगू, भीतीपेक्षा आनंदच जास्त होता. लाज वाटते का सांगायला? नाही वाटत. आमच्याच रानावरून, आमच्याच सोयाबीनवरून मी होडी घालत होते! खाली कुठं बांध, कुठं कुंपण, कुठं विहीर, सगळं मला ठाऊक. त्याच रानात मी खुरपायला जाते. "डावीकडं बोरी हाय, धाकटे, लांबून घे," मी ओरडत होते आणि धाकटी "हाव, हाव" करत वल्हं मारत होती. विजेच्या तारा लांब ठेवल्या. लिंबाचं झाड जवळ आलं, आणि खाली मामा, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, टोपी तशीच सरळ.

होडी टेकवली. मामांनी आमच्याकडं बघितलं. जाकीट, ड्रेस, डोकं उघडं. माझा हात आपोआप डोक्याकडं गेला आणि मी तो वल्ह्यावर परत ठेवला.

"मामा, आधी हे घाला," म्हणून जाकीट फेकलं. त्यांना ते उलटंसुलटं कळेना, आणि सून सासऱ्याला हात कसा लावणार? मग मी माझ्या जाकिटावर दाखवलं, असं मागून घ्या, असं मांडीखालून, आता खटका लावा. धोतरावरून पट्टे घेताना ते रागानं पुटपुटत होते. पण घेतले.

मग ते होडीत चढले आणि उभेच राहिले.

आता खाली बसायचं म्हणजे रबरी बुडाशी, सुनांच्या पायांपाशी. ते कसे बसणार? ते उभे, छत्री टेकवून, जसे बैलगाडीत उभे राहतात. आणि धाकटी! मामा उभे दिसल्याबरोबर तिचं अंग उठायला लागलं. होडी एका बाजूला झुकली, काठावरून पाणी आत आलं. विष्णुपुरीचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं, पण इथं काठावर उस्ताद नव्हते.

"बसा!" मी ओरडले. "धाकटे, खाली! मामा, खाली बसा म्हणते न मी! बसा!"

एवढ्या वर्षांत मामांशी मी मान वर करून बोलले नव्हते. आणि आता ओरडले होते, तेही एकेरीवर येता येता वाचले. गावाच्या काठावरसुद्धा ऐकू गेलं असं नंतर सगळ्यांनी सांगितलं. मामांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मला वाटलं, आता हे उतरतात, संपलं. आणि मामा बसले. मधोमध, गुडघे पोटाशी घेऊन, माझ्या पायांपाशी. होडी सरळ झाली.

परतताना वारा सुटला आणि पाणी गंगेकडं सरकायला लागलं. थोडंसंच, पण लागलं. मी तोंड वरच्या अंगाला वळवलं आणि वल्हं मारायला लागले. दंड भरून आले. एका बाभळीकडं आम्ही ओढले जाऊ लागलो तसा मामांनी फांदी धरायला हात पुढं केला.

"हात आत! मामा, फांदी नको!"

त्यांनी हात झटक्यात आत घेतला, काटा टोचल्यासारखा. मी आणि धाकटी जीव खाऊन वल्हवत होतो, आणि बाभळ बाजूनं निघून गेली. तेवढ्यात डावीकडं फूं फूं आवाज आला. बघते तर आमच्याच म्हशी, नाकं वर करून, मजेत पोहत गावाकडं निघालेल्या. मामा म्हणाले, "त्या बघा, कशा चालल्यात!" आणि ते हसले. धाकटी हसली, मीही हसले, आणि वल्हं सोडलं नाही. काठावरून दोरी आली, ती मी बरोबर पकडली, हाताला न गुंडाळता. गाव नुसतं ओरडत होतं. मला रडूच फुटलं, खोटं कशाला बोलू.

मामा उतरले. जाकीट काढलं, माझ्याकडं न बघता धाकटीच्या हातात दिलं आणि सासूबाईंबरोबर घराकडं गेले. दुपारी दरवाजे आणखी उघडले. संध्याकाळी आम्ही ओढ्यावर गेलो तर उंचवटा दिसत नव्हता, लिंबाचा शेंडा तेवढा दिसत होता. धाकटीनं माझा हात घट्ट धरला.

पुढचे दिवस मामा माझ्याशी बोललेच नाहीत. ताट वाढलं की जेवायचे, उठून जायचे. मला वाटायचं, जीव वाचवला पण माणूस दुखावला. सगळ्या गावासमोर ओरडले मी त्यांच्यावर. रात्रंदिवस ते मनाला खात होतं. मालक म्हणाले, "त्यांचा स्वभाव तुला ठाऊक हाय की." ठाऊक होता, म्हणून तर भीती होती.

पाणी उतरलं. एका सकाळी मी ओसरीवर मूग निवडत बसले होते. मांडीवर सूप, भोवती पसारा. मामा आखाड्यावर निघाले होते, गोठा धुवायला. ते ओसरीत आले आणि माझं अंग आपोआप उठायला लागलं. सूप एका हातात, दुसरा हात पदराला.

"ऊं, ऊं," मामा म्हणाले. त्यांनी हात पालथा करून खाली दाबला, अगदी उस्तादांसारखा. "बस. होडी हलंल."

मी तशीच अर्धवट उठलेली थांबले, मग परत खाली बसले. मामांनी चपला घातल्या, छत्री घेतली, आणि ते माझ्यासमोरून, बसलेल्या सुनेसमोरून, सावकाश अंगण ओलांडून गेले. मी बसून मूग निवडत राहिले.